घाटाकडचं घर

मी माणातली, दुष्काळी मुलखातली. आमच्याकडं पोरीला बघायला पाव्हणं आलं, की पोरीची आई आदी एकच इचारती, "पाणी किती लांब?" नवरा काळा का गोरा, शेत किती, ते सगळं मागनं. माझ्या आईनंबी इचारलं हुतं. "हितंच हाय की," असं सासऱ्यानं सांगितलं. ते 'हितंच' दीड कोस निघालं. म्हातारा खोटारडा हुता, आता मरून गेला, त्याला काय बोलायचं! पण आठ वर्सं मी त्या वाटंवर चालले. पोटात पोर आन् डोक्यावर घागर, असंबी चालले. तवा माझ्यापुढं घराजागेची गोष्ट काढायची तर आदी पाण्याचं बोला, असं माझं म्हणणं असायचं. त्यात मी कशी चुकले, ते सांगते. मालक सांगायला लागलं की लय तिखटमीठ लावत्यात, त्यापरीस म्याच सांगितलेलं बरं.

आमचं मालक नाथाजी लढाईवर शिपाई म्हणून गेलं आन् सेहेचाळीस सालात हवालदार हुऊन परत आलं. पुढच्या साली सांगलीला एका हळदीच्या वखारीवर त्यांना रातपाळीच्या पहाऱ्याची नोकरी लागली. मेंढरं दिराच्या हवाली केली आन् आमी सांगलीला आलो. मी, मालक, सहा वर्सांची बनी आन् रांगणारा धुळा. वखारीच्या मागं एक पत्र्याची खोली दिली हुती. हळदीचा धुरळा एवढा, की धुळ्याचं दुपटं किती बी धुवा, पिवळं ते पिवळंच. वखारवाल्यानं पयल्या दिवशीच सांगितलं हुतं, "पावसाळ्याच्या आत खोली मोकळी करा, तितं माल भरायचाय."

म्हंजी पावसाच्या आत घर पायजे. लढाईचा पैसा गाठीला हुता, पण एकदाच घर हुईल एवढाच. जागा चुकली तर परत माणात, परत ती वाट. ह्या भ्यानं मी रोज रात्री गाठ सोडून पैसा परत मोजायची.

दोन जागा नजरंत आल्या. एक मिरजेच्या रस्त्याला, पार माळावर. कुणीतरी दोन खोल्या दगडात बांधायला घेतल्या हुत्या आन् अर्ध्यावर टाकून मुंबई गाठली हुती. चौफेर मुरूम, एक झाड न्हाई. मालकांना तीच आवडली. मी इचारलं, "पाणी?" तर त्यांनी लांब हात केला. पार खालच्या अंगाला एका मळ्यात विहीर हुती. हितनं तर ती दिसतबी नव्हती, नुसता मोटेचा आवाज यायचा.

"आवं, हितं राहायचं तर माण काय वाईट हुतं?" म्या म्हटलं.

"मने, फौजेत तळ टाकायचा तर सायेब आदी उंचवटा बघायचा. नदीच्या कुशीला तंबू कवाच ठोकला न्हाई आमी."

"मग तुमच्या सायबाची मडम घागर घिऊन पाण्याला जायची व्हय?"

मला उत्तर सुचलं की मालक गप बसत्यात, ही त्यांची जुनी खोड हाय.

दुसरं घर घाटाकडच्या आळीत. तितं गेलो त्या दिवशी म्या नदी पयल्यांदा जवळनं बघितली. वैशाख सरत आलेला. आमच्याकडं त्या दिवसांत ओढ्यात वाळू उकरून वाटीनं पाणी भरायचं, आन् हितं निवळशंख पाणी निवांत चाललेलं. बायका पायऱ्यांवर लुगडी आपटत हुत्या. एक बाई तर भरलेली घागर नुसती इसळून सांडून देत हुती. तेवढ्या पाण्यात आमच्याकडं एक दिवस निघाला असता. मी खाली गेले, ओंजळीनं पाणी प्याले, तोंडावर मारलं, आन् उठले तेच ठरवून. घर हेच. आतनं कसं का असंना.

घर चांगलंच निघालं. छातीएवढी भिंत काळ्या दगडाची, वर पांढरी माती. मालकीण धोंडुबाई, साठीची इधवा. लेक कवठे महांकाळला दिलेली, तिच्याकडं जायचं म्हणून घर इकायला काढलेलं. घर कसं एकदम नीटनेटकं. धान्याच्या कणग्या माळ्यावर, पेटी आढ्याजवळच्या फळीवर, हातरूण-पांघरूण दोरीनं वर टांगलेलं. जमिनीवर चूल आन् पाट सोडून काय न्हाई. म्या मनात म्हटलं, म्हातारीला उंदरांचं लय भ्या दिसतंय.

इकायचा सगळा कारभार तिचा पुतण्या बाळासो बघायचा. डोक्याला चपचपीत तेल, तोंडात पान. तो म्हातारीला एक शब्द बोलू द्यायचा न्हाई. मालकांनी त्याला इचारलं, "घर एवढं स्वस्त कसं काय?"

"आवं हवालदार, तुमी देशासाठी लढून आलाय. आमी काय तुमच्याकडनं जास्त घ्यायचं?"

"आन् पावसाळ्यात नदीचं पाणी कुठवर येतं?"

"येतं की थोडं वर. बघायला माणसं जमत्यात, जत्रा भरल्यावानी," असं म्हणून बाळासो हसला.

मलाबी हसू आलं. पाणी दारात येतं ही काय तक्रार झाली? आमच्या माणात पाणी आपणहून दारात आलं असतं, तर त्याला कुकू लावून ओवाळलं असतं. म्या मालकांना कोपरानं ढोसलं, "आता पुरं करा चौकशी. पोलीस हाय का तुमी?"

पण म्हातारी काय गप बसंना. बाळासो पान थुकायला भाईर गेला, तर ही मला इचारती, "तुझं सांगलीत कोण हाय गं?"

"कुणी न्हाई."

"मिरजेला? बुधगावला? लांबचा मामा, आतेबहीण, कुणीबी?"

"न्हाई म्हटलं न्हवं."

"मालक रात्रीचे घरी असत्यात?"

"पहाऱ्याला असत्यात. का वं?"

तेवढ्यात बाळासो आत आला आन् म्हातारी चुलीकडं वळली. मला तिचा राग आला. आमी काय चोर-दरोडेखोर, का घर घेऊन पळून जाणार हुतो? परक्या मुलखातलं माणूस म्हणून ही आमचं गणगोत मोजती, असं मला वाटलं. घरी जाताना सबंध वाटंनं मी तेच बोलत हुते. मालक म्हणालं, "म्हातारं माणूस हाय, इचारणारच." आन् मग हळूच म्हणालं, "माळावरची जागा अजून गेली न्हाई बरं का." म्या ऐकू न आल्यासारखं केलं.

मालकांनी इसार दिला. चार दिवसांनी कागद करायचा ठरला. लिहिणारा कारकून म्हातारीच्या सोप्यावर यिऊन बसला. बाळासो, आमी दोघं, कडंवर धुळा. कारकुनानं सगळं वाचून दाखवलं, शाई फासली, म्हातारीचा अंगठा धरला. आता नुसतं टेकवायचं राहिलेलं. मनात मी पायऱ्या मोजत हुते, दारापासनं पाण्यापर्यंत किती पावलं. आन् म्हातारी अंगठा तसाच वर धरून मला इचारती, "पोरगं अजून रांगतंयच का गं? का धरून चालतंय?"

माझं डोस्कंच फिरलं.

"रांगतंय, चालतंय, उडतंय! आवं, तुमाला अंगठा द्यायचाय का बारसं करायचंय? द्यायचं असंल तर द्या, न्हाईतर सांगा. घर इकायला बसलाय का पोरगी बघायला?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. मग धुळ्याकडं बघितलं. तो गडी तिच्याकडं बघून लाळ गाळत हसत हुता. तिनं अंगठा मागं घेतला आन् लुगड्याला खसाखसा पुसला.

"हिला म्या घर देत न्हाई," ती म्हणाली. "लय फटकळ तोंड हाय. असल्या तोंडाची बाई माझ्या घरात नांदायला नको."

मग जी बोंब उठली! बाळासो तर लालबुंद. "काकी, शुद्धीत हायस का? एवढ्यासाठी कुणी सौदा मोडतं?" कारकून म्हणाला, बाई, विचार करा. मी सुद्धा नरमले. खोटं कशाला सांगू, म्या तिचं पाय धरलं. "चुकलं माझं, आत्याबाई. मी मुकी हुऊन राहते. पर एवढं घर द्या." ती भिंतीकडं तोंड करून बसली. इसाराची रक्कम पेटीतनं काढून तिनं मालकांच्या हातावर ठेवली.

मालक वाटंत म्हणालं, "तुझ्या तोंडानं घर खाल्लं, मने." तेवढंच. ओरडलं असतं तर मी दुप्पट ओरडले असते. पण ते हळू म्हणालं, आन् ते खरं हुतं, म्हणून मी पदर तोंडात कोंबून रडले.

पावसाला पंधरा दिवस राहिलेलं. दुसऱ्याच दिवशी मालकांनी माळावरची जागा घेतली. वर कौलं टाकली आन् आमी राहायला गेलो.

तो सबंध जेठ-आखाड मी म्हातारीला शिव्या दिल्या. उताराला रिकामी घागर घिऊन जाताना एक, चढाला भरलेली घिऊन येताना दोन. "तिच्या घाटाला काटं येऊ द्यात," म्हणायची. बनीलाबी पाठ झालं हुतं, तीबी छोटी कळशी घिऊन मागनं म्हणत यायची. मालक हसायचं. "त्या म्हातारीला उचक्या लागून मरण यायचं एखाद्या दिवशी," असं म्हणायचं. मला काय हसू यायचं न्हाई. आपल्या जिभेनं आपल्या लेकीच्या डोक्यावर घागर ठेवली, हे मला लय लागलं हुतं. नुसता राग नव्हता तो. मला माझीच लाज वाटायची.

श्रावणातली गोष्ट. सांगलीत पाऊस कसला, नुसती भुरभुर. एक दिवस सकाळी मालक पहाऱ्यावरनं परत आलं, तर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"मने, नदीला पूर आलाय."

"काय तरीच! हितं नुसती भुरभुर आन् पूर कुठला?"

"हितल्या पावसाचा न्हाई. वर महाबळेश्वराच्या अंगाला, कोयनंच्या अंगाला पडलाय आठ दिवस. तो सगळा हितनं खाली चाललाय. घाटाकडची आळी पाण्यात हाय."

"पाण्यात म्हंजी?"

मालक माझ्याकडं बघत राहिलं. "जाऊन बघ," म्हणालं. "पोरं म्या सांभाळतो."

मी गेले. आदी चालत, मग पळत. माणसं खरंच जत्रा भरल्यावानी जमली हुती. मी गर्दीतनं वाट काढून पुढं झाले आन् आळी हुडकायला लागले. आळी नव्हतीच. घाट न्हाई, पायऱ्या न्हाई, लुगडी आपटायचं दगड न्हाई. मातकट पाणी, पल्याडचा काठ दिसंना एवढं, आन् ते निवांत चाललेलं नव्हतं. त्याचा घों घों आवाज पोटात शिरत हुता. पोरं गूळ शिजवायच्या मोठमोठ्या काहिली पाण्यात सोडून त्यात म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसवून आणत हुती. घराची नुसती छपरं दिसत हुती. म्हातारीचं घर म्या आढ्यावरनं वळखलं. काळ्या दगडाची भिंत कुठच्या कुठं पाण्याखाली. तवा मला त्या माळ्यावरच्या कणग्या कळल्या, ती फळीवरची पेटी कळली. म्हणं उंदरांचं भ्या!

शेजारच्या एका बाप्याला म्या इचारलं, "दादा, पाणी कवा आलं?"

"पहाटं. तसं रोज एक-एक पायरी चढत हुतं. पर पहाटं एकदम आलं. निजलेलं माणूस उठून बसंस्तवर गुडघाभर."

"मग माणसं?"

"माणसं काय, ज्याची त्याची ठरलेली घरं असत्यात की वरच्या अंगाला. सोयऱ्याचं, दोस्ताचं. पाण्यानं वरनं दुसरी पायरी गाठली, का तिकडनं गडी गाडी घिऊन येतोच. दर दोन-चार सालाला चालतं हे."

मी तितंच चिखलात बसले. त्या घरात आमी असतो, तर मालक पहाऱ्याला गेलेलं. मी आन् दोन पोरं. रांगणारं पोरगं जमिनीवर गोधडीत निजलेलं. माझं सांगलीत कुणी न्हाई, कुणाची गाडी येणार न्हाई. आन् पोहायला? माणात पोहायला कुणी शिकतं व्हय! रोज पायरी-पायरी चढणारं पाणी बघून मी तर खूश झाले असते, म्हणले असते, बरं झालं, आता वाकायचं बी काम न्हाई. डोळ्यापुढं ते सगळं आलं. त्या पाण्याचं भ्या वाटलं मला. जन्मात पयल्यांदा पाण्याचं भ्या वाटलं.

आन् मग एकदम आठवलं, म्हातारी?

"धोंडुबाई कुठं हाय?" मी ओरडतच उठले. "ती, त्या घरातली? बाळासोची चुलती?"

कुणी म्हणालं बाळासोकडं असंल. बाळासोचं दार गाठलं तर त्याची बायको उंबऱ्यातनंच म्हणाली, "आमच्याकडं न्हाई. हातातलं गिऱ्हाईक घालवलं, आता आमच्या दारात कशाला येईल?" असं म्हणून तिनं दार लावलं. मी तिच्या दाराला जे काय बोलले, ते हितं सांगण्यासारखं न्हाई.

शाळंत बघितलं, धर्मशाळंत बघितलं. शेवटी एका देवळाच्या ओवरीत, पन्नासभर माणसांच्या गर्दीत, म्हातारी पेटीवर बसलेली दिसली. काखेत एक कोंबडी. माझा जीव भांड्यात पडला. इतका, की मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले आन् मला बोलताच येईना. मला! मग आलं ते सगळं एकदम आलं.

"का न्हाई सांगितलं? आं? तोंड काय शिवलं हुतं? फटकळ म्हणून चार माणसांत माझी अब्रू काढलीसा, पर पूर येतो एवढं सांगायला काय झालं हुतं? तीन महिने मी तुमाला शिव्या दिल्या, ठावं हाय?"

"उचक्या लागत हुत्या खऱ्या," म्हातारी म्हणाली.

"हसू नका! सांगा आदी."

"काय सांगायचं? बाळासो डोक्यावर बसलेला. आन् सांगितलं असतं, तर तू ऐकलं असतंस? पयल्या दिवशी तू पाणी प्यालीस ते म्या दारातनं बघितलं. देवाचं तीर्थ घ्यावं तसं. असल्या बाईला, नदी वाईट हाय, असं म्हणलं असतं, तर तू म्हणाली असतीस, म्हातारी भाव वाढवायला बघती. म्हणली असतीस का न्हाई?"

म्हणले असते. देवाशप्पथ म्हणले असते.

"पोरगं रांगतंय म्हणलीस तवा माझा अंगठा काय खाली जाईना. काय कारण द्यावं ते बी कळंना. तेवढ्यात तू तोंड सोडलंस. बरं झालं, म्हटलं, सगळ्यांना पटंल. खरं सांगते, तुझं तोंड गोड असतं तर मी अडचणीतच आले असते बघ."

आजूबाजूची माणसं हसायला लागली. मीबी हसले, आन् हसता हसता कवा रडायला लागले ते कळलंच न्हाई. म्हातारीनं कोंबडी खाली ठेवली आन् माझी पाठ थोपटली.

मग मला उमगलं ते ह्याच्याहून मोठं हुतं. घर इकलं असतं, तर ती कवा कवठ्याला लेकीकडं पोचली असती. कोरड्या जमिनीवर, नातवंडांत. तिनं माझ्या पोरासाठी अंगठा पुसला आन् स्वतः त्या घरात राहिली, पुराची वाट बघत.

"उठा," म्या म्हटलं.

"कुठं?"

"माझ्या घरी. माळावर. तुमची ठरलेली घरं असत्यात न्हवं? तुमचं हे ठरलं आता. आन् मला न्हाई म्हणायचं न्हाई, माझं तोंड कसं हाय ते तुमाला ठावं हाय."

पेटी म्या डोक्यावर घेतली. कोंबडी तिच्याकडं. मिरजेच्या रस्त्यानं चढ चढता चढता म्हातारीला दम लागला. ती मधीच थांबली आन् चौफेर बघायला लागली. खाली लांबवर ती मळ्यातली विहीर हुती, चढावर पार टोकाला आमची कौलं. दारात मालक उभं, धुळा त्यांच्या खांद्यावर, आन् बनी आमच्याकडं पळत येत हुती.

म्हातारीनं कपाळावर हात आडवा धरून सगळी वाट बघून घेतली. तिला लय वाईट वाटलं.

"अगं बया," ती म्हणाली, "पाणी लय लांब हाय की गं तुला."

"असू द्या, आत्याबाई," म्या म्हटलं. "लांबच बरं हाय."